गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक करताय? व्हॉल्व्हच्या आधीचा पाइप वेगळा, नंतरचा वेगळा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलुंडला सात मजल्यांची बिल्डिंग, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत १२ कुंड्या, आणि वर गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने ४० कुंड्या नि दोन वाफे. ठिबक बसवायचंय, पण प्लंबर म्हणतो सगळं सीपीव्हीसीमध्ये (गरम पाण्याला चालणारा कडक प्लास्टिक पाइप) करून टाकू, हार्डवेअरवाला म्हणतो काळी नळी घ्या स्वस्तात काम होईल, आणि भाऊजी म्हणतात जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप टाका, जन्माची कटकट मिटेल. कोणाचं ऐकायचं?

पहिल्या दोघांचं अर्धं अर्धं ऐका आणि भाऊजींना चहा पाजा.

मी हे काम पंचवीसेक वर्षं करतोय. सुरुवात नाशिककडे द्राक्षबागांच्या ठिबकवर झाली, मग मुंबईत येऊन प्लंबिंग करता करता बाल्कन्या-गच्च्यांकडे वळलो. सगळे एकच विचारतात, पाइप कुठला चांगला? पण पाइप असा सुटा चांगला-वाईट नसतोच, तो कुठे टाकलाय त्यावर सगळं आहे. व्हॉल्व्हच्या आधीच्या पाइपमध्ये चोवीस तास पाणी दाबाखाली उभं असतं. तो फुटला की आख्खी टाकी रिकामी. व्हॉल्व्हच्या नंतरच्या पाइपमध्ये दाब फक्त पाणी चालू असताना, दिवसाचा अर्धा-पाऊण तास, आणि बंद केलं की ड्रीपरमधून, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीतून, उतरून जातो. तिथे काही सुटलं तर फार तर एक कुंडी चिखल होईल. एवढा एक फरक डोक्यात ठेवला की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, मार खाऊन कळलं. अंधेरीला एका गच्चीवर मी पांढरा यूपीव्हीसी (गार पाण्याचा कडक प्लास्टिक) पाइप पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या कडेकडेने वीस-पंचवीस फूट उघडा फिरवला आणि टायमर कुंड्यांजवळ लावला, म्हणजे एवढा सगळा पाइप कायम दाबाखाली आणि कायम उन्हात. दिसायला एकदम फर्स्ट क्लास. चार उन्हाळे गेले, पाइप पिवळट पडला, हात फिरवला की खडूसारखी पावडर यायची, तरी मी म्हटलं चालतंय. संक्रांतीला पोरं पतंग उडवायला वर आली, कोणाचा तरी पाय पडला आणि पाइप पापडासारखा मोडला. संध्याकाळची वेळ, वर कोणी बघायला नाही, रात्रभरात टाकी खाली. सकाळी साडेपाचला सेक्रेटरींचा फोन, आणि त्या बिल्डिंगमध्ये महापालिकेचं पाणी यायचं संध्याकाळी! पुढचे बारा तास मला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा पहिलं काम, टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप होईल तेवढा आखूड ठेवा. टाकीच्या आउटलेटला टी (तीन तोंडांचा जोड) मारला की लगेच पितळी बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग टायमर, सगळं टाकीच्या सावलीतच संपवा. हे तीन-चार फूट यूपीव्हीसी शेड्यूल ४० (हा पाइपच्या भिंतीच्या जाडीचा दर्जा) मध्ये करा, पाऊण इंची किंवा एक इंची. प्लंबरला सीपीव्हीसीच हवं असेल तर करू दे, पण त्याचे जास्तीचे पैसे कशाला हे त्याला विचारा. सीपीव्हीसीची खरी किंमत गरम पाण्यासाठी आहे, ९३ डिग्रीपर्यंत चालतो म्हणून गिझरच्या लाइनला टाकतात. कुंड्यांना कोण गरम पाणी घालतंय? आणि उन्हाचं म्हणाल तर सीपीव्हीसीही उघडा ठेवायचा नसतो, दोघांचा वंश एकच. जो काही कडक पाइप उन्हात राहणार असेल त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा अॅक्रिलिक रंग दोन हात मारा. ऑइल पेंट नको, थिनरवाले रंग प्लास्टिकला मानवत नाहीत.

आता जीआय. भाऊजींच्या काळात दुसरं होतं काय, म्हणून त्यांचं चुकलं असं नाही. पण जीआयला आटे पाडले की त्या जागचा जस्ताचा थर कापला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, वर मुंबईची खारी हवा. वर्सोवा, वरळीला तर विचारूच नका, मुलुंड जरा आत आहे पण दमटपणा काय कमी आहे का. पाइप फुटायला वेळ लागेल हो, पण गंजाच्या पापुद्र्या आधी सुटतात आणि ड्रीपरचं भोक असतं मिलिमीटरभर, गेलंच ते. हिरवा पीपीआर प्लास्टिक पाइपही कोणी सुचवेल, त्याला वेल्डिंगचं मशीन लागतं आणि पुढे एक कुंडी वाढवायची तर परत मशीनवाल्याला बोलवा, सोडून द्या.

व्हॉल्व्हच्या नंतर मात्र काळी नळी, तुमचा हार्डवेअरवाला इथे बरोबर आहे. फक्त काळी म्हणजे कुठली ते तो सांगणार नाही. दोन प्रकार घ्यायचे. गच्चीभर फिरणारी मुख्य लाइन, जिला आम्ही सबमेन म्हणतो, ती एचडीपीई २५ किंवा ३२ एमएम. तिच्यातून निघणारी लॅटरल, म्हणजे कुंड्यांच्या रांगेतून जाणारी, ती एलएलडीपीई १६ एमएम, जरा मऊ असते, वळते, पंचने भोक पाडलं की ड्रीपर घट्ट बसतो. यांचा काळा रंग शोभेचा नाही. प्लास्टिकमध्ये साधारण दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेला असतो, तो ऊन अडवतो, म्हणून हाच पाइप शेतात वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहतो. शिवाय आत उजेड जात नाही त्यामुळे शेवाळ धरत नाही. ती पारदर्शक किंवा हिरवट जाळीची बागेची नळी असते ना, ती ठिबकला अजिबात वापरू नका, पावसाळ्याआधीच आतून हिरवीगार होते आणि मग शेवाळाचे तुकडे ड्रीपरमध्ये जाऊन बसतात.

काळ्या नळीत फसवणूक खूप आहे. भंगार प्लास्टिक वितळवून केलेली नळीही काळीच असते आणि किमतीत जवळपास अर्धी. बघायचं कसं? एकतर छापील ओळ बघा, आयएसआयचा शिक्का आणि नंबर, लॅटरलला आयएस १२७८६, एचडीपीईला आयएस ४९८४, जिच्यात ड्रीपर आतच बसवलेले असतात त्या इनलाइन नळीला आयएस १३४८८. दुसरं, वीतभर तुकडा कापून मागा, तो पूर्ण दुमडा आणि दोनदा-तीनदा उलटसुलट करा, घडीवर पांढरी रेघ किंवा चीर आली तर परत द्या. कापलेल्या तोंडाकडे बघा, भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर जॉइनर बसतील पण धरणार नाहीत. आणि वास, भंगारच्या नळीला जळकट वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

भाजी लावणार असाल तर जुन्या पडीक पीव्हीसीचे तुकडे जोडून काम चालवू नका एवढं सांगतो. पीव्हीसी बनवताना आपल्याकडे शिशाचं स्टॅबिलायझर सर्रास वापरायचे, त्यावर मर्यादा घालणारे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. नवीन, मार्किंग असलेला पाइप घ्या. पॉलिथिलीनच्या काळ्या नळीत ही शिशाची भानगड नाही.

आता खरी गोम. तुमच्या दोन जागा आहेत आणि दोघींचं दुखणं उलटं आहे. बाल्कनीत दाब जास्त, गच्चीवर दाब नाहीच.

पाण्याचा दाब म्हणजे टाकी किती उंच. १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजेच आम्हा प्लंबरांच्या भाषेत १ किलो. तुमची टाकी जिन्याच्या खोलीच्या वर असणार, गच्चीच्या फरशीपासून टाकीचा तळ समजा ३ मीटर, म्हणजे गच्चीवर तुम्हाला मिळतो ०.३ बार. बाजारातला ४ लिटरचा ड्रीपर ४ लिटर देतो तो १ बारला. साधा ड्रीपर असेल तर ०.३ बारला तो तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास देईल, कारण दाब कमी झाला तर पाणी त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबात कमी होतं. आणि तो महागातला पीसी ड्रीपर, जो दाब कमी-जास्त झाला तरी सारखं पाणी देतो म्हणतात, त्याला उघडायलाच अर्धा ते एक बार लागतो, गच्चीवर तो एक तर थेंब थेंब करेल नाहीतर नुसता बसून राहील. दादरला एकांनी हौसेने सगळे पीसी घेतले होते, मी नंतर गेलो आणि सगळे काढले.

म्हणून गच्चीवर साधे ड्रीपर, आणि सबमेन जाड. हे जाड का ते लोकांना पटत नाही. एवढंसं पाणी, त्याला ३२ एमएम कशाला? तर पाइपचा आतला व्यास निम्मा केला की तेवढंच पाणी न्यायला घर्षणात जाणारा दाब जवळपास तीसपट होतो. जिथे २ बार आहेत तिथे थोडा गेला तर कळतही नाही, तुमच्याकडे मुळात ०.३ आहे, त्यातला ०.१ पाइपनेच खाल्ला तर शेवटच्या कुंडीला काय उरणार? टाकीजवळची तुळस बुडते आणि लांबचा मोगरा सुकतो ही तक्रार घेऊन जे येतात त्यांच्याकडे नव्वद टक्के वेळा बारीक सबमेन असते, ड्रीपर बिचारे ठीक असतात. ३२ ची सबमेन गच्चीच्या मधून न्या, टोकाकडून सुरुवात करू नका, आणि दोन्ही बाजूंना आखूड लॅटरल काढा.

हिशोब करून बघा. १२ इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये दीडेक लिटर लागतं रोज, गच्चीवर वारा असतो म्हणून कधी दोन. सव्वादोन लिटरचा ड्रीपर ४० मिनिटं चालला की दीड लिटर झालं. ४० कुंड्यांचे ६० लिटर, तीन-चार बादल्या, सोसायटीत कोणी कुरकुर केली तर हा आकडा तोंडावर ठेवा, नळीने पाणी मारताना याच्या दुप्पट जातं. वाफ्यांना वेगवेगळे ड्रीपर टोचत बसू नका, इनलाइन नळी एक फूट अंतराची घ्या, प्रत्येक वाफ्यात दोन ओळी टाका, विषय संपला.

टायमर घेताना विचारा की आत सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह) आहे की बॉल व्हॉल्व्ह. सोलेनॉइडवाल्याला उघडझाप करायला पाण्याचा दाब लागतो, ०.३ ला तो फसवतो, कधी उघडत नाही आणि कधी, ते जास्त वाईट, नीट बंद होत नाही. छोट्या मोटरने बॉल फिरवणारे येतात, ते शून्य दाबालाही चालतात. गच्चीवर तेच.

बाल्कनीत उलटं. दुसरा मजला म्हणजे वर पाच मजले, गच्ची, टाकीची उंची, सगळं मिळून १८ मीटरच्या आसपास, १.८ बार. कोणी चांगला दाब आहे म्हणून खूश होतं आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी ऊन तापलं की ४ एमएमची मायक्रोट्यूब, म्हणजे कुंडीपर्यंत जाणारी बारीक नळी, टीमधून फटकन निसटते आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कारंजं. तिथे टायमरच्या पुढे १ बारचा प्रेशर रिड्यूसर लावा, छोटासा असतो. वॉशिंग मशीनच्या नळाला दोन तोंडांचा कॉक, एका तोंडाला टायमर, रिड्यूसर, मग १६ ची नळी ग्रिलच्या आतून, आणि तिच्यातून कुंडीकुंडीला मायक्रोट्यूब. १२ कुंड्यांना एवढंच पुरे. इथे पीसी ड्रीपर लावले तरी चालतील, आणि भिंतीतल्या लाइनला हातही लावायचा नाही. तुमचा प्लंबर टाइल फोडायची गोष्ट काढेल, नको म्हणा.

पाणी कुठल्या टाकीचं घेताय ते एकदा विचारून घ्या. बऱ्याच बिल्डिंगांत पिण्याची टाकी वेगळी आणि फ्लशची वेगळी, आणि फ्लशमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं, पावसाचं साठलेलं, बऱ्यापैकी मऊ, त्याने ड्रीपर क्षाराने चोंदत नाहीत, गाळ तेवढा येतो. त्याला १२० मेशचा डिस्क फिल्टर पुरतो, पंधरा दिवसांनी उघडून धुवायचा. बोअरचं असेल तर ड्रीपरच्या तोंडाला पांढरा थर धरतो, मग खोलता येणारे ड्रीपर घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. पिण्याच्या टाकीतून घेत असाल तर मध्ये एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि त्या लाइनमधून खतं-बितं सोडायची नाहीत म्हणजे नाहीत. टाकी खाली होताना पाणी मागे ओढलं जातं, जीवामृत शेजाऱ्यांच्या माठात नको. खत हाताने घाला.

नळी टाकताना ताणून सरळ टाकायचा मोह होतो, दिसायला छान दिसते. सकाळी २५ डिग्रीला टाकलेली काळी नळी दुपारी गच्चीवर ६० ला जाते, १० मीटरला चांगली चार बोटं वाढते. रात्री परत आखडते. ताणून टाकली असेल तर ती रात्री जॉइनर ओढून काढते, सकाळी सहाला पाणी सुरू झालं की गंमत. थोडी नागमोडी सोडा. पाणीही सकाळीच द्या, दुपारी दिलंत तर नळीत उभं राहिलेलं कढत पाणी आधी मुळांवर जातं.

आणि गच्चीला ड्रिल लावू नका, हात जोडून सांगतो. खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आहे, त्यावर वॉटरप्रूफिंग, एक क्लॅम्प ठोकलात आणि पावसाळ्यात सातव्या मजल्यावर ओल दिसली की ती तुमच्या क्लॅम्पमुळेच आली असं ठरणार, मग खरं काहीही असो. नळी पॅरापेटच्या आतल्या बाजूने न्या, नाहीतर विटांवर टेकवा, तारेने बांधा.

जोडणीचं थोडं. यूपीव्हीसीला सोल्युशन (पाइप चिकटवायचं द्रावण) लावताना तोंड पुसून कोरडं करा, दोन्हीकडे लावा, घालताना पाव वळसा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, लगेच सोडलंत तर पाइप हळूच बाहेर येतो. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा. पितळ आणि प्लास्टिक जोडायचं असेल तर बाहेरचे आटे प्लास्टिकचे आणि आतले पितळेचे असं जुळवा. उलटं केलंत, म्हणजे प्लास्टिकच्या एफटीएमध्ये (आतून आटे असलेला जोड) पितळी निपल पाना लावून आवळलात, तर एफटीए आज नाही पण महिन्याने उभा चिरतो. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा. काळ्या नळीला सोल्युशन चिकटतच नाही, कोणी लावतो म्हणाला तर त्याला घरी पाठवा. तिचं टोक कढत पाण्यात दहा सेकंद बुडवा, जॉइनर लोण्यासारखा जातो आणि थंड झाला की पकडतो. साबण, तेल काही नको.

जूनला पाऊस लागला की टायमर काढून घरात ठेवा, सबमेनचं टोक उघडून सगळी लाइन धुवून काढा, सप्टेंबर संपेपर्यंत कुंड्यांना पाणी लागत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र तेव्हाच नाही, बाराही महिने कोरड्या ठेवा, डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात होतो आणि महापालिकेचे लोक गच्चीवर चढून ताटल्या तपासतात, नोटीस सोसायटीच्या नावाने येते. ऑक्टोबरमध्ये परत जोडताना सगळे ड्रीपर चालू आहेत का बघा, कावळे चोच मारून ओढून काढतात, आणि उंदीर लागले तर मायक्रोट्यूब कुरतडतात, दोघांवर माझ्याकडे उपाय नाही, जास्तीचे दहा ड्रीपर आणि पाच मीटर मायक्रोट्यूब घरात ठेवायची.

सामान मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळेल, पण यूपीव्हीसीच्या चार फुटांसाठी तिकडे जाऊ नका, ते मुलुंडलाच घ्या. लॅटरल, ग्रोमेट (सबमेनच्या भोकात बसणारं रबर), टेकऑफ (त्यातून लॅटरल काढायचा जोड), पंच हे ठिबकच्या दुकानातून एकाच कंपनीचं घ्या, १६ एमएम सगळेच म्हणतात पण एकाचा जॉइनर दुसऱ्याच्या नळीत सैल बसतो. जायच्या आधी गच्चीवरच्या नळाखाली बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते मोजा आणि टेपने टाकीच्या तळाची उंची घ्या. हे दोन आकडे मला कळवा, माझे ३ मीटर अंदाजाचे आहेत. तुमची टाकी गच्चीवरच चौथऱ्यावर बसलेली असेल तर वरचा सबमेनचा हिशोब बदलेल, ४० कुंड्या एकदम न चालवता वीस-वीसचे दोन भाग करावे लागतील.